आबांसाठी बियरचा नळ

फौजेतून निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वाटलं होतं, आता निवांत बसायचं. आठ दिवसांत बसणं अंगावर यायला लागलं. गेटच्या बिजागरीत ऑइल घातलं, विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर खोलून परत जोडला, चांगला चालणारा मिक्सर उघडून बायकोच्या शिव्या खाल्ल्या. "तुमाला परत बोलवत्यात का बगा की," ती म्हणाली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात होत्या आणि मी कट्ट्यावर बसून त्या मोजत होतो. असं रिकामं राहणं मला सोसत नाही.

त्यात आबांचं झालं. आबा म्हणजे माझे वडील, तेही फौजीच. रोज दिवस मावळताना कॅन्टीनच्या बियरची एक बाटली धोतराच्या सोग्यात घेऊन ते गोठ्यामागं जायचे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बाप पितो हे पोरानं बघायचं नसतं आणि पोरगा पितो हे बापानं. माझी चाळिशी उलटली तरी त्या वेळेला मी गोठ्याकडे वैरण टाकायलाही जात नसे.

दिवाळीनंतर आबांच्या दोन्ही हातांना कंप सुटला. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हात काही थांबेनात. एका संध्याकाळी गोठ्यामागं बाटली फुटल्याचा आवाज आला. "मांजर आसंल," आई म्हणाली. मीही हो म्हणालो. त्यानंतर आबा तिकडे गेलेच नाहीत. ओपनर टोपणावर बसत नव्हता, आणि 'उघडून दे' म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. मी आपणहून उघडून द्यावी तर मला ठाऊक आहे हे उघड होणार. ते सोप्यात बाकावर बसून मांडीखाली हात दाबून ठेवायचे. मला ते बघवत नव्हतं.

"त्येवढाच एक सुखाचा घोट हुता त्यास्नी," आई एक दिवस चूल सारवता सारवता म्हणाली. "काय तरी कर की रं."

मग मला उद्योग सापडला. सोप्यात जुना, एका दाराचा फ्रिज पडून होता. त्याच्या दाराला नळ बसवायचा, आत बियरचं पिंप आणि गॅसची छोटी टाकी ठेवायची. बाटली नको, ओपनर नको, कुणाला विचारणं नको. आबांनी यावं, दांडी ओढावी, ग्लास भरावा आणि गोठ्यामागं जावं. पुण्यात बियर बनवतात तिथं पलटणीतला एक दोस्त कामाला होता, तो पिंप द्यायला तयार झाला. दारूचा परवाना आबांच्या नावाचा होताच.

पण नळ कुठला घ्यायचा? तिथं माझी झोप उडाली. पितळेवर चकचकीत मुलामा दिलेला नळ स्वस्त, पण बियर आंबट असते, ती मुलामा खाते आणि मग तोंडात पितळेची चव येते. म्हणजे स्टीलचाच हवा. त्यातही एका जातीत झडप मागं असते. तोंडाशी राहिलेली बियर वाळून चिकटते आणि दुसऱ्या दिवशी दांडीला हिसका द्यावा लागतो. आबांना हिसका जमणार नव्हता. झडप पुढं असलेला नळ चिकटत नाही. तिसऱ्यात स्प्रिंग असते, हात सोडला की आपोआप बंद. ते बरं वाटलं, पण थरथरता हात दांडी धरून ठेवणार कसा? मी मोरीपाशी उभा राहून हात मुद्दाम थरथरवत नळ उघडबंद करून बघत होतो. बायको मागं येऊन उभी राहिली आणि घाबरून म्हणाली, "आवं, तुमाला पन झालं काय?"

शेवटी पुढच्या झडपेचा, बिनस्प्रिंगचा स्टीलचा नळ मागवला. दांडी मात्र मला पसंत पडेना. फलटणच्या एका सुताराकडून बाभळीची वीतभर लांब दांडी करून आणली. मनगटानं ढकलली तरी हलावी अशी. तेवढ्यासाठी फटफटीवरून फलटणला दोनदा गेलो. पहिली दांडी गुळगुळीत झाली होती, हात सटकला असता.

राहिलं दाराला भोक पाडणं. फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यामागं गॅसच्या नळ्या असतात, दारात नसतात, हे चार जणांना विचारलं तरी धीर होईना. खूण केली तिथं नेमकं दसऱ्याला आईनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. "जरा खाली घे," आई म्हणाली. मी चार बोटं खाली घेतलं. ड्रिल पत्र्यातून आत गेलं, पांढरा फोम भुरभुरला आणि काहीही फुसफुसलं नाही. नळाचा आटे पाडलेला दांडा भोकातून घातला, आतून नट आवळला, पिंपापासून नळापर्यंत हातभर नळी जोडली. विचारलंच कुणी तर ताकाचा नळ म्हणायचं ठरलं होतं. आबा बाकावरून सगळं बघत होते. चार दिवसांत एक शब्द बोलले नव्हते.

संध्याकाळी मी दांडी ओढली. ग्लासात निव्वळ फेस. दुसरा ग्लास, तोही फेसच. गॅस कमी केला, वाढवला, नट परत आवळला, परत फेस. बादलीभर फेस झाला आणि माझं डोकं फिरलं. पान्हा आपटला, पुण्याच्या दोस्ताला फोनवर नको ते बोललो.

"नळी आखूड हाय," मागून आवाज आला.

मी वळलो नाही. आबा बाकावरूनच बोलत होते.

"हातभर नळीनं फ्येसच येनार. आट फूट घाल, पिंपावर गुंडाळून ठेव. आन् गॅस निम्म्यावर आन."

"तुमाला कसं ठावं, आबा?"

"मेसच्या बारला अकरा वर्सं हुतो. साब लोकास्नी मीच तर वतून द्यायचो."

मला एवढंच ठाऊक होतं की आबा 'मेसमध्ये' होते. मी समजायचो, पोळ्या लाटत असतील. महिनाभर मी पुण्याला फोन केले, मोबाईलवर व्हिडिओ बघितले, सुताराला शिकवलं, आणि जाणता माणूस दहा फुटांवर बाकावर बसला होता. विचारलं असतं तर दारूचं नाव निघालं असतं, म्हणून विचारलं नव्हतं. "काखंत कळसा," आई आतून म्हणाली. मला तेव्हा फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून आठ फूट नळी आणली. संध्याकाळी आबा उठले, ग्लास घेऊन फ्रिजपाशी आले. मी रिवाजाप्रमाणे बाहेर निघालो. त्यांनी उजव्या मनगटानं दांडी ढकलली. दांडी मऊ सरकली, बियर सोन्यासारखी आली, आणि डाव्या हातातला ग्लास धारेखाली टिकेना. अर्धी बियर फरशीवर. मी सगळा जीव दांडीत घातला होता. ग्लासही धरायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुटं चाललास?" आबा म्हणाले. "गलास धर."

मी ग्लास धरला. आबांसाठी, आयुष्यात पहिल्यांदा. मान खाली घालून धरला. त्यांनी ओतलं, वर दोन बोटं फेस, मेसच्या शिस्तीत.

मला काही राहवेना. सकाळी उठून मी नळाखाली ग्लास बसेल अशी लाकडी फळी ठोकली, कड लावून, ग्लास हलू नये म्हणून. आता कुणाची गरज नव्हती. आबांनी फळी हातानं दाबून बघितली, कड चाचपली. "झाक झालीया," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी बाहेर गेटपाशी होतो. आबांनी सोप्यातून हाक मारली. आत गेलो तर फळी मोकळी होती आणि ते रिकामा ग्लास माझ्यापुढं करून उभे होते. "गलास धर," म्हणाले.