चतुराबाई आणि खाऱ्या पाण्यातला पैलवान

आमच्या मणियारांत बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चतुराच्या बांगड्या इतक्या वाढायच्या की मी एकदा तिला म्हणाले, "बाई, तुझ्या एकटीच्या हातावर माझं दुकान चाललंय." ती हसली. मला हसू आलं नाही, कारण मनगटावरच्या काचेच्या खुणा मला वाचता येतात. कामात वाढते ती एखादी बांगडी, आणि ओरखडा उठतो तो हाताच्या बाहेरच्या अंगाला. हात पिरगळला की सगळ्या एकदम जातात आणि काच आतल्या बाजूला, शिरेपाशी रुतते. चतुराच्या मनगटातली काच मी चिमट्यानं काढलेली आहे आणि काढताना रामकिसनच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला आहे.

रामकिसन तिचा नवरा. औरंगपुऱ्यात आमच्या बांगड्यांच्या दुकानाला लागून आमचाच एक गाळा आहे, वर दोन खोल्या. माझ्या मालकांनी, कमरोद्दीननी, तो त्याला भाड्यानं दिला होता. माणूस दिसायला देखणा, बोलायला लाघवी. वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून तो मुंबईला माशांच्या दुकानात काम शिकला आणि परत येऊन इथं खाऱ्या पाण्याचे शोभेचे मासे विकायला लागला. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं हा शहाणा समुद्र भरायला निघाला!

चतुरा सोयगावकडची, कपाशी वेचत वाढलेली. समुद्र तिनं आजतागायत पाहिलेला नाही. पण पाणी भरणं, मीठ कालवणं, काचा घासणं सगळं तिच्याच अंगावर. पहिल्याच वर्षी समुद्री मिठाच्या पिशव्या संपल्या, तेव्हा रामकिसननंच तिला पिटाळलं, "मीठ ते मीठ. वाण्याकडून खडेमीठ आण." तिनं आणलं, त्यानं आपल्या हातानं कालवलं. संध्याकाळपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगायला लागले. मग त्यानं तिचं डोकं त्याच टाकीच्या काचेवर आपटलं. मीठ कालवणारा तो आणि मार खाणारी ती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

गल्लीला सगळं ऐकू जायचं. गल्लीचा सल्लाही ठरलेला, "चतुरा, चार दिवस माहेरी जाऊन ये." ती जायची. भाऊ चार दिवस भाकर घालायचे आणि एस.टी.त बसवून परत धाडायचे. तोवर रामकिसन इथं पंख्याखाली पाय पसरून चहा पीत बसलेला असायचा. जिला मार लागला तिनं घर सोडायचं आणि मारणाऱ्यानं ते राखायचं, हा न्याय कुणी काढला असेल त्याचे हात झडोत.

मग एकदा त्यानं तिला जाळीच्या दांड्यानं मारलं. मासे धरायच्या जाळीला हातभर लांबीचा जाड दांडा असतो, तो तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा वांग्याएवढा सुजला. मीच तिला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं ती म्हणाली, "दारावर आपटलं." डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं, "आतला पडदा सैल झालाय. नजर वाचली हे नशीब. पण याच डोळ्यावर पुन्हा मार बसला तर डोळा गेला समजा." त्या दिवसापासून मला एकच धास्ती लागली. पलीकडे काही आपटलं की माझ्या हातातला डबा खाली पडायचा.

त्यानंतर रामकिसननं तो मासा आणला. ट्रिगर म्हणतात त्याला. काळाकुळकुळीत, पोटावर पांढरे गोल, ओठ पिवळे आणि त्या ओठांत अडकित्त्यासारखे दात. रामकिसननं त्याचं नाव ठेवलं पैलवान. संध्याकाळी गिऱ्हाइकं जमली की तो टाकीत जिवंत खेकडा सोडायचा. पैलवान आधी त्याचे पाय एकेक करून तोडायचा, मग पाठ फोडायचा. कडाकडा आवाज काचेबाहेर यायचा. लोक टाळ्या पिटायचे, रामकिसन मिशीवरून हात फिरवायचा, आणि चतुरा जिन्यावर जाऊन बसायची.

त्याच टाकीत एक पफर मासा होता. गोलमटोल, हे एवढाले डोळे, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवून माणूस ओळखणारा. चतुरा त्याला ढबी म्हणायची. ती समोर आली की ढबी काचेला तोंड लावून शेपूट हलवत उभी राहायची. चतुराला मूलबाळ नव्हतं. एकदा मला म्हणाली, "सगीराबी, हसू नका, पर ही मला लेकीगत हाय." मी कशाला हसू?

एकदा वेरूळहून काकासाहेब आले. त्यांचं तिकडे हॉटेल आहे आणि हॉटेलात रामकिसननंच बसवलेली टाकी. त्यांच्या एका माशाचा डोळा सुजला होता. रामकिसन धंद्यात पक्का होता, ते नाकारून चालणार नाही. त्यानं विचारलं, "एक का दोन्ही?"

"एकच."

"दोन्ही सुजले असते तर पाणी खराब म्हणलं असतं. एकच सुजलाय म्हंजी मार हाय. टाकीत कोणतरी मारतंय त्याला."

"मग त्याला काढून बादलीत ठेवतो," काकासाहेब म्हणाले.

"नाय नाय! जखमीला जाळी लावू नका, डोळा जाळीत अडकून फुटंल. त्याला तिथंच राहू द्या. मारणाऱ्याला बाहेर काढा. अन् जखम भरली तरी त्याला परत आत सोडू नका, त्याची खोड जात नसती. पाणी साफ ठेवा, दिवा मंद करा, बस."

चतुरा शेजारी काच पुसत होती. तिचा हात मध्येच थांबला.

पुढच्याच आठवड्यात सकाळी मी दुकान उघडून माल लावत होते, तोच तिची किंकाळी ऐकू आली. मी धावले. टाकीत ढबीचा एक डोळा खोबणीतून बाहेर आला होता. बुबुळावर पांढरी साय आणि कडेला मांसाची चिंधी लोंबत होती. पैलवान तिच्यावर पुन्हा पुन्हा तुटून पडत होता. ती दगडामागं लपायची, तो दगडाला धडक द्यायचा, ती बाहेर आली की त्याच डोळ्यावर दात मारायचा. "गुलाबपाणी घाल गं," मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं.

रामकिसन वरून उतरला. त्यानं टाकी पाहिली आणि पहिली शिवी बायकोला घातली. "दगड नीट रचले नाय तू. दगडाला घासली ती." असं म्हणून जाळी उचलली आणि ढबीला काढायला निघाला.

चतुरा आडवी आली. "तिला जाळी लावू नगा. पैलवानाला काढा."

"पैलवान कुठंबी जाणार नाय. हिला बादलीत टाकतो. मेली तर मेली."

"तुमीच काकासाहेबास्नी सांगितलं न्हवं..."

"मला शिकवती व्हय?" आणि दांडा तिच्या खांद्यावर बसला.

इतर वेळी ती खाली बसून डोकं झाकून घ्यायची. त्या दिवशी ती स्टुलावर चढली आणि हात खांद्यापर्यंत टाकीत घातला. पैलवान ढबीला सोडून तिच्या हातावर आला. त्यानं तिच्या करंगळीचा लचका तोडला. पाणी लाल झालं. तिनं हात मागं घेतला नाही. त्याच रक्ताळल्या हातानं पैलवानाला काचेवर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं प्लास्टिकचा डबा खाली घालून त्याला उचललं. पाण्याबाहेर येताच तो मासा डुकरासारखा गुरगुरला. तिनं त्याला खाऱ्या पाण्याच्या बादलीत ओतलं.

तेवढ्यात रामकिसननं दांडा फिरवला. सगळं बळ लावून, तिच्या डाव्या डोळ्यावर. ओला नारळ आपटावा तसा आवाज झाला. ती स्टुलावरून खाली आली आणि तिच्याबरोबर कडेची रिकामी टाकीही खळ्‌कन फुटली.

"अरे ओ रामकिसन, हाथ रोक, कुत्ते!" मी ओरडले, आणि शटर ओढायची लोखंडी सळई त्याच्या गुडघ्यावर घातली. होय, मी मारलं. साठी ओलांडलेल्या बाईनं मारलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. तो कळवळून खाली बसला, दांडा हातातून सुटला.

तो दांडा चतुरानं उचलला. तोंड रक्तानं माखलेलं, केसांत काचेचा चुरा, डावा डोळा तर दिसतच नव्हता. ती म्हणाली, "ऊठ. नीघ इथून." इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्यानंही नसावी, कारण तो हसला. मग तिनं मारायला सुरुवात केली. हातांवर, पाठीवर, तोंडावर. त्याचा पुढचा दात तुटून माझ्या चपलेपाशी पडला. "मारून टाकते का मला!" असं किंचाळत तो चार पायांवर रांगत उंबऱ्याबाहेर गेला. तिनं बादली उचलली आणि नेऊन त्याच्या शेजारी ठेवली. "हा तुझा पैलवान. दोघंबी जावा." आणि शटर खाली ओढलं.

इतकी वर्षं भिंतीआडून ऐकणारी गल्ली आता डोळे फाडून उभी राहिली. रामकिसन शटरवर लाथा मारत होता. मग बादलीतला मासा आचके द्यायला लागला, तसा तो शिव्या देत, लंगडत, बादली घेऊन कुठंतरी निघून गेला. मी चतुराला मागच्या दारानं रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला विचारलं, "पुन्हा दार?"

"दार नाय बाई," चतुरा म्हणाली. "नवरा हाय. रामकिसन नाव." त्यांनी ते तसंच पोलिसांना कळवलं. डोळा मात्र त्यांना वाचवता आला नाही. मी तिथंच बाकावर बसून हुंदके देऊन रडले. चतुरानं मला विचारलं, "टाकीचा दिवा मंद केला व्हता का तुमी?"

परत आल्यावर ती डोळ्यावर पट्टी बांधूनच टाकीपाशी बसायची. रोज थोडं पाणी बदलायची, लसणाच्या रसात झिंगे भिजवून ढबीच्या तोंडाशी धरायची. हळूहळू ढबीचा डोळा खोबणीत बसला. साय राहिली ती राहिलीच, पण त्या बाजूनंही ती खाणं हेरायला लागली.

तिचे थोरले दीर पुंजाराम एका सकाळी रामकिसनला घेऊन आले. पोलिसातली तक्रार मागं घ्यावी म्हणून. बोलणं सुरू झालं ते तेच जुनं. "चतुरा, झालं ते झालं. बाईनं नवऱ्याला घराबाहेर काढलेलं कुठं ऐकलंय का? तू चार दिवस माहेरी जाऊन ये. तवर हा दुकान बघंल."

"म्या का जाऊ दादा? मार मला लागलाय."

पुंजारामनी माझ्या शेजारी उभ्या कमरोद्दीनकडे पाहिलं. आमचे मालक उभ्या जन्मात कुणाला मोठ्यानं बोललेले नाहीत. ते म्हणाले, "गाळा आमचा आहे, भाऊ. तो चतुराबाईंकडेच राहील."

"अवो, पर एक डोळा गेलेली बाई," पुंजाराम चिडून म्हणाले, "एकटीनं कशी जगंल ती?"

चतुरानं झिंग्याची वाटी खाली ठेवली.

"दोन व्हते तव्हा दोन्ही याच्या हातावरच असायचे, दादा. हात कव्हा उठतो तेच बघत बसायचे. आता एकच हाय, पर तो माझा हाय."

रामकिसन दारात जमलेल्या गल्लीसमोर उभा होता. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले.