भिकार प्रेमकथेचे तीन वेळचे वाचक

मंडळी, हे लायब्ररीच्या फळ्यावर मुद्दाम लावतेय.

काल सकाळी मी डॉक्टर-नर्सची प्रेमकथा मागितली, तर रांगेतले देशमुखकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "असलं चावट काय वाचता? ऐतिहासिक प्रेमकथा घ्या, तिला काही पातळी असते."

कळंबोलीहून बस धरून पनवेलला मी बोलणी खायला येत नाही.

तरी तेच पुस्तक नेलं, घरी उघडलं. शेवटच्या पानावर आपल्याकडच्या पद्धतीने सही, तारीख आणि सभासद क्रमांकासकट शेरा होता: 'भिकार. लेखिकेला लाज वाटायला हवी.' सही काकांची.

समोर कुणी कधी पुस्तक नेलं, त्या तारखा आणि सभासद क्रमांकांची चिठ्ठी. शेऱ्यानंतरही त्याच क्रमांकावर पुस्तक दोनदा गेलंय.

काका, चौथ्यांदा नेताना तो शेरा तेवढा स्वतःच्या हाताने खोडा.

बाकीच्यांनो, तुम्ही असली पुस्तकं कुठल्या ऐतिहासिक कादंबरीखाली लपवून नेता?