घरी नेलेली अकरा लायसन्स

यंदाच्या संत निकोलाच्या सणाला घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं तिहोमीरने बायकोला कबूल केलं होतं. सर्बियातल्या निश शहरी, इंजिनिअरिंग कॉलेजात चारशे संगणकांचा तो एकटाच सांभाळकर्ता. आराखडे काढायच्या परीक्षा नेमक्या या सणाला खेटून येत, आणि गेली दोन वर्षं हा गृहस्थ घरचे पाहुणे सोडून प्रयोगशाळेत एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकत 'पुढे', 'पुढे', 'मान्य आहे', 'पुढे' अशी बटणं दाबत बसला होता.

"या वर्षीही गेलास तर सणाची मेणबत्ती तुझ्याऐवजी मिलुतिन पेटवेल," स्पोमेन्काने बजावलं. मिलुतिन म्हणजे तिचा भाऊ. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, आणि तिहोमीरच्या मते त्याला काडीसुद्धा नीट पेटवता येत नव्हती.

स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. त्या दिवशी यजमान बसत नाही. तो दिवसभर उभा राहतो, बोलावणं नसतानाही येणाऱ्या पाहुण्यांना वाढतो, त्यांचे ग्लास भरतो. निकोला तर अर्ध्या शहराचा संत. त्यामुळे त्या दिवशी अर्धं निश उभं असतं आणि उरलेलं अर्धं जेवत असतं.

म्हणून तिहोमीरने तीन आठवडे खपून एक आज्ञावली लिहिली. परीक्षेच्या चोवीस संगणकांवर जुना प्रोग्राम आपोआप पुसायचा, नवा चढवायचा, शेवटी सगळ्यांनी एकदम उघडून कॉलेजच्या सर्व्हरकडून एकेक लायसन्स, म्हणजे प्रोग्राम चालवायचा परवाना, घेऊन दाखवायचं. लायसन्स तीस, संगणक चोवीस. माणसाचं काम शून्य. शुक्रवारी, सणाच्या सकाळी सात वाजता त्याने घरूनच फोनवर आज्ञा दिली आणि नवा सदरा घातला.

नऊ वाजता एकोणीस संगणक तयार झाले होते. पाच अडकले होते.

त्याने कॉलेजच्या पहारेकऱ्याला फोन लावला. "बुदिमीर काका, प्रयोगशाळेत जाऊन पडद्यावर काय दिसतंय ते सांगता?"

"पाचांवर एकच खिडकी आहे. 'लायसन्स उपलब्ध नाही.' खाली ओके."

"हात लावू नका."

"एकावर लावला."

"का लावलात, काका?"

"ओके लिहिलं होतं. मी म्हटलं, त्याला ठीक वाटतंय तर आपण कशाला नाही म्हणायचं."

त्या संगणकाने सगळं चढवलेलं पुन्हा पुसून टाकलं. तिहोमीरने सर्व्हरची यादी उघडली. तिसातली अकरा लायसन्स दहा जानेवारीपर्यंत बाहेर गेली होती. अकरा प्राध्यापकांनी ती आपापल्या लॅपटॉपवर उतरवून घरी नेली होती, वाचनालयातून पुस्तकं न्यावीत तशी. सर्व्हरला ती ओढून परत घेता येत नव्हती. ज्या लॅपटॉपवर गेली, तोच लॅपटॉप कॉलेजात आणून तारेला जोडायचा, तरच सुटका.

आणि त्यांना ही सोय सांगितली कोणी? तिहोमीरनेच. 'सणाच्या दिवशी मला फोन करू नये. घरी काम करणाऱ्यांनी लायसन्स आधीच उतरवून घ्यावं,' अशी सूचना त्याने दोन आठवड्यांपूर्वी लावली होती. एकोणीस वर्षांत त्याची एकही सूचना कोणी पाळली नव्हती. ही अकरा जणांनी पाळली.

प्राध्यापक ग्वोझ्देनना त्याने फोन केला. "सर, लॅपटॉप घेऊन कॉलेजात येता येईल? उद्या नऊला परीक्षा आहे."

"तिहोमीर, आज माझ्या घरी स्लावा आहे. यजमान उंबरा ओलांडतो का?"

"माझ्याही घरी आहे, सर."

"मग विचारतोस कशाला?"

आणखी सहा फोन झाले. सगळीकडे मागे काट्याचमच्यांचा आवाज, सगळीकडे हेच उत्तर. दुपारी बारा वाजता पाद्री येणार होते, यजमानाच्या हाताने सणाची पोळी कापली जाणार होती. पण उद्या सकाळी पाच पोरं बंद पडद्यासमोर बसली, तर त्यांचं वर्ष जाणार होतं, आणि ती काही त्याच्या संताचं देणं लागत नव्हती.

"अर्ध्या तासात येतो," तो म्हणाला. स्पोमेन्काने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती मिलुतिनला काडेपेटी कुठे आहे ते दाखवत होती.

पहिल्या घरी लॅपटॉप मागितला, तर पाहुण्याला आधी द्यायच्या गोड गव्हाचा चमचा हातात आला. सणाच्या घरातून न बसता निघणं म्हणजे संताचा अपमान. मग राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, मग सूप, मग तळलेला मासा. दुसऱ्या घरी पुन्हा गहू, पुन्हा मासा. प्राध्यापिका नादेझ्दांनी लॅपटॉप कपाटातून काढला, पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नव्हती.

"यावर काही काम केलंत, मॅडम?"

"सणाला काम कोण करतं? पण तुमची सूचना होती ना. मी म्हटलं, माणूस इतकं कळकळीने लिहितोय. मासा घ्या अजून."

पाच पिशव्या खांद्यावर लटकावून तो रस्त्याने चालला, तेव्हा कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "तिहो, घरी पाहुणे आणि तू लॅपटॉप विकत फिरतोस? धंदा बरा आहे?"

"बरा आहे," तिहोमीर म्हणाला. "गिऱ्हाईक जेवण घालतं, माल देत नाही."

साडेतीनला तो प्रयोगशाळेत पोचला. पाच लॅपटॉप जोडले, पाच लायसन्स परत केली, अडकलेले पाच संगणक पुन्हा पहिल्यापासून चालवले, आणि पोटावर हात ठेवून त्यांच्यासमोर बसून राहिला. माणसाविना होणाऱ्या कामाला पुन्हा एक अख्खा माणूस लागला. साडेपाचला चोवीसच्या चोवीस उघडले.

घरी पोचला तेव्हा खोली भरलेली होती. पोळी कधीच कापली होती. कोपऱ्यात मेणबत्ती व्यवस्थित जळत होती, आणि मिलुतिन ताठ उभा राहून एकेकाचा ग्लास भरत होता. त्याला ते चांगलं जमत होतं, हे तिहोमीरला सगळ्यात जास्त लागलं.

त्याने बाटली घ्यायला हात पुढे केला. स्पोमेन्का मध्ये आली. तिच्या हातात गव्हाची वाटी होती.

"पाहुण्यांनी बसायचं असतं," ती म्हणाली आणि एक खुर्ची ओढली.

तो बसला. त्या दिवसातला सहावा चमचा त्याने तोंडात घातला. मिलुतिनने वाकून, अगदी अदबीने विचारलं, "मासा वाढू?"