आमचे व्याही आणि आयत्या वेळचा विषय

पनवेलात आजवर जे काही बरं झालं ते आयत्या वेळी झालं, आणि त्यातलं निम्मं आमच्या व्याह्यांनी केलं, असं माझं मत आहे. उरलेलं निम्मंही आपणच केलं, असं त्यांचं मत होतं. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. जुन्या पनवेलात त्यांचं रंगांचं आणि खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, आणि दोन हजारच्या दशकात लागोपाठ दोनदा ते नगरसेवक. पालिकेच्या सर्वसाधारण सभेची जी विषयपत्रिका निघते, तिच्या अगदी तळाशी एक ओळ असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. बाकीच्यांचा जीव वरच्या विषयांत. व्याह्यांचा या तळाच्या ओळीत. वरचे विषय चालू असताना ते डोळे मिटून बसत. ते त्याला चिंतन म्हणत, विरोधक झोप म्हणत. तळाची ओळ आली की मात्र सदरा झटकून उभे राहत. “ठरलेल्या विषयात कागद असतो, व्याहीबुवा,” ते मला सांगत, “माणूस येतो तो आयत्या वेळीच. पाइप काय नोटीस देऊन फुटतो?”

ही सवय सभागृहापुरती राहिली असती तर मी सुखी झालो असतो. मुलीच्या लग्नाची बैठक खांदा कॉलनीतल्या माझ्या घरी झाली, तेव्हा हे गृहस्थ विषयपत्रिका टाइप करूनच घेऊन आले. देण्याघेण्याचा विषय वाचला आणि आम्ही तोंड उघडायच्या आत “फेटाळण्यात येत आहे” म्हणून खाली ठेवला. मानपान, हॉल, जेवण असं भराभर उरकलं आणि मग डोळ्यांत चमक आणून त्यांनी विचारलं, “आयत्या वेळचे विषय?” माझी बायको एरवी चारचौघांत बोलत नाही. ती म्हणाली, “मुलाला स्वयंपाक येतो का?” व्याह्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि आपल्या पत्नीकडे हात केला : “विषय महत्त्वाचा आहे. प्रशासनाने खुलासा करावा.” विहीणबाई म्हणाल्या, “चहा येतो. पोहे शिकवते.” व्याही माझ्याकडे वळले. काय म्हणायचं ते मला कळेना, म्हणून मी आयुष्यभर पेपरात वाचलेला शब्द म्हणून टाकला : “अनुमोदन.” त्या दिवसापासून मी त्यांचा कायमचा अनुमोदक झालो. चहा मागवू या म्हणाले की अनुमोदन, सावलीला बसू या म्हणाले की अनुमोदन. पस्तीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मास्तराचा शब्दसंग्रह असा एका शब्दावर आला.

एसटी स्टँडवर लागलेल्या गाडीत ते कधी चढले नाहीत. गाडी हलली की चढायचं. एकदा अलिबागला साखरपुड्याला निघालो, तेव्हा ते धावत चढले आणि त्यांच्यामागे पेढ्यांचा खोका सांभाळत मीही. वडखळ मागे पडल्यावर कळलं की गाडी महाडची. पाटी वाचायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी चष्मा घरी ठेवला होता. ते म्हणाले, “असू दे. महाडलाही कुणाचं तरी ठरत असेल.” सभागृहातही असंच. एका टांगेवाल्याचा म्हातारा घोडा गेला, तर त्याच्यासाठी दुखवट्याचा ठराव मांडायला हे उभे. लोक हसले. हे हसले नाहीत. “त्यानं या गावाचे सगळे खड्डे पाहिलेत,” एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

अशा माणसाला घाईचं खरं काम एकदाच पडलं, आणि ते माझ्यामुळे.

मासळी बाजाराची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. चांगलंच ठरलं होतं. पण पाडल्यापासून बांधून होईपर्यंत मासळीवाल्या बायकांनी बसायचं कुठं, हे राहून गेलं होतं. उरणकडून पहाटे टोपल्या घेऊन येणाऱ्या या बायका. त्यांच्यातली हिरामावशी व्याह्यांच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घालायची. ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. “दादा, इमारत बांदा, माडी बांदा, आमाला आनंद हाय. पन तवर आमी बसू कुटं? रस्त्यावं बसलो तं पालिकेची गाडी येते नि टोपली उचलून नेते. मासा काय उद्यापरेंत थांबतो?”

व्याह्यांनी अर्ज लिहायला मला सांगितलं. मास्तर मी, मला वाटलं, आता लेखणीचा कस लागणार. पहिल्या पानावर मी समुद्र आणला, खारा वारा आणला, कोळी भगिनींचे कष्ट आणले. दुसऱ्या पानावर पालिकेच्या आजवरच्या कामाचा गौरव केला. ‘तात्पुरती पत्र्याची शेड, ओटे व पाण्याचा नळ मिळावा आणि तोवर बाजार फी माफ व्हावी’ हे त्या ओघात कुठेतरी शेवटी आलं. पालिकेतल्या कारकुनाने तो अर्ज अभिनंदनाच्या पत्रांच्या फाइलीत लावला. त्याची काही चूक नव्हती. “फार सुंदर लिहिलंय सर,” तो मला म्हणाला, “मी सगळ्यांना वाचून दाखवलं.” विषयपत्रिका निघाली तेव्हा तिच्यात मासळी बाजाराचं नावही नव्हतं. ती निवडणुकीआधीची शेवटची सभा. पुढच्याच आठवड्यात आचारसंहिता लागणार होती, मग नवा खर्च बंद. आणि पाडकाम तर सुरू होणार होतं.

मी तोंड लपवत दुकानात गेलो. व्याही चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उजळला होता. “व्याहीबुवा, उपकार केलेत. आता तळाची ओळ!” मग प्रश्न आला जागेचा. पालिकेच्या दोन मोकळ्या जागा होत्या. एक लांब, कोन गावच्या रस्त्याला. तिथे गिऱ्हाईक म्हणून फक्त ट्रकवाले. दुसरी त्यांच्या स्वतःच्या वॉर्डात, त्यांच्याच दुकानामागे. विहीणबाई आतून म्हणाल्या, “अहो, आळीच्या नाकासमोर मासळी? मतं कोण देणार तुम्हाला?” शेजारचा कापडवाला येऊन सांगून गेला, “दादा, खातो आम्हीपण. पण साड्यांना वास लागला तर धंदा बसेल. आळी विसरणार नाही बघा.” व्याही म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” एवढ्या छोट्या वाक्यावर ते थांबलेले मी प्रथमच पाहिले.

सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. हिरामावशी बाहेर जिन्यावर; आत चल म्हटलं तर म्हणाली, “नको, वास येतो म्हनतील.” तळाची ओळ आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, मंडळी चपला शोधत होती. व्याही उठले. मला भाषणाची धास्ती होती, पण त्यांनी दुकानामागची जागा, शेड, नळ आणि फीमाफी चार वाक्यांत मांडली आणि म्हणाले, “माझ्या वॉर्डात द्या. माझी हरकत नाही.” अध्यक्षांनी विचारलं, “अनुमोदक?” कुणी बोलेना. त्यांच्या पक्षाचे लोक खाली बघत होते. निवडणूक तोंडावर असताना त्या आळीशी वैर कोण घेणार? ती शांतता मला सोसेना. आणि सवयीचा गुलाम मी, बाकावरून उठून खणखणीत आवाजात ओरडलो, “अनुमोदन!”

सभागृह हसलं. अध्यक्षांनी प्रेक्षकांना समज दिली, म्हणजे मला. शिपायाने दंड धरून मला दाराबाहेर नेलं. जिन्यावर हिरामावशी उभी राहिली.

“मास्तर, काय झालं?”

“मला हाकललं.”

“आन आमाला?”

आम्ही दोघं दाराकडे बघत उभे राहिलो. मग तोच शिपाई पुन्हा बाहेर आला आणि त्यानं आतली हकीकत सांगितली. विरोधी बाकावरचे एक तिरसट म्हातारे सदस्य उठून म्हणाले होते, ‘अनुमोदन द्यायला बाहेरचा माणूस लागतो हे या सभागृहाला शोभत नाही. लिहा माझं नाव.’ ठराव मंजूर झाला होता. हिरामावशीने पदर तोंडाला लावला. मला ती हसते आहे की रडते आहे ते कळलं नाही.

पाडकाम सुरू व्हायच्या आत शेड उभी राहिली. बायका बसल्या. आणि निवडणुकीत व्याही पडले. थोडक्यात नव्हे, चांगले आपटले.

गंमत अशी, की जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट आधी ठरवून ठेवली होती. निकालाच्या दिवशी लोक येतील म्हणून मांडववाल्याकडून खुर्च्या मागवून दारासमोर मांडून घेतल्या होत्या. दुपारी निकाल कळला आणि आळीत कुणी फिरकेना. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांसमोर ते आणि मी. मी काहीतरी बोलावं म्हणून बोललो, “पुढच्या वेळी बघू.” त्यांनी “अनुमोदन” म्हटलं, पण आवाजात जीव नव्हता.

बाजार उठल्यावर बायका आल्या. हातपाय धुऊन, धुतलेली लुगडी नेसून, डोक्यावर टोपली नाही. एकेक खुर्ची घेऊन बसल्या. हिरामावशी पुढच्या रांगेत बसली. म्हणाली, “दादा, आमची मतं उरनला हायत. आमच्यातली एकपन नाय या वार्डात.”

“ठाऊक होतं मावशी,” व्याही म्हणाले.

“मंग?”

व्याही उठून आत गेले आणि स्वतःच्या हाताने चहाचा ट्रे घेऊन आले. कप अर्धे सांडलेले. बायका तो चहा बशीत ओतून सावकाश प्यायल्या. तेवढ्यात मांडववाल्याचा टेम्पो आला आणि त्याचा माणूस मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालू लागला. व्याह्यांनी त्याला लांबूनच हात केला.

“थांब रे जरा,” ते म्हणाले. “बायका बसल्यात.”