शेवटाकडून वाचणारे काका

"दिसलं तर लिवायचं. 'असंल' ते लिवायचं नाय!" दहिवलीतले आमचे वायरलेसवाले काका आता नाहीत, पण होते तेव्हा चहात साखर आहे का विचारलं तरी चमचा घालून बघितल्याशिवाय उत्तर देत नसत.

कान तर असा, की घरात बसून चौक गावच्या ढाब्यावर मोडलेला पापड ऐकू यायचा. फेकतोय म्हणाल, अहो, पापड मीच मोडला होता!

निवृत्तीनंतरही ते सेटवर मोर्सचे टिंब-रेघांचे संदेश पकडत. "रोजची अक्षरं आखूड, कवातरी लागणारी लांब," सांगायचे. "म्हणून एक टिंब खरखरीत गेलं की म्होरली ओळच येडी व्हते."

त्या दुपारी वादळाने मोबाइलचे टॉवर झोपवले होते. डोंगरावरच्या वाडीतून एका अडलेल्या बाईला झोळीतून खाली आणायचं होतं. तिथल्या शाळेतल्या बाई काकांच्याच शिष्या. झोळी पळसदरीकडे उतरणार की चौककडे, ते त्या सेटवरून कळवणार होत्या. अँब्युलन्स काकांच्या दारात घरघरत उभी. चुकीच्या पायथ्याला गेली, तर झोळीतली बाई हातची जाणार.

संदेश सुरू झाला आणि मध्येच सेट असा खरखरला, जणू हजार कढयांत एकदम वडे सोडले. काकांनी कागदावर नुसती टिंबं-रेघा उतरवली. 'झोळी निघाली' एवढं लागलं. पुढे सगळा काला.

"काका, पळसदरीच असंल!" ड्रायव्हर ओरडला. "नेहमी तिथंच उतरतात. निघतो मी."

"चावी दे हिकडं. गप बस."

चावी खिशात टाकून त्यांनी ओळ शेवटाकडून सोडवायला घेतली. प्रत्येक संदेशाच्या शेवटी सही करायची, ही त्यांनीच बाईंना लावलेली शिस्त. सहीची टिंबं खात्रीची. ती बाजूला काढली. मग तिच्या आधीचं अक्षर. मग त्याच्या आधीचं. माझं काळीज इतकं वाजत होतं, की काका खेकसले, "त्ये बंद कर रं!"

शेवटी त्यांनी लिहिलं: चौक. त्याच्याआधीचा एक शब्द मात्र लागेना. तिथे जागा मोकळी सोडली.

"घे चावी. चौकला पळ!"

झोळी पायथ्याला टेकली, तेव्हा अँब्युलन्स दार उघडून उभी होती. मुलगी झाली. मायलेकी वाचल्या.

दोन दिवसांनी शाळेतल्या बाई आल्या. काकांनी कागद पुढे केला. "हितं मधी काय व्हतं गं?"

"'बेशुद्ध', काका."

काकांनी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. लिहायला घेतलेलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"बरं झालं गेला त्यो शब्द," ते हळूच म्हणाले. "कानावर पडला असता, तर म्होरलं उतरवताना हात हलला असता माजा."