कारणाचा रकाना

मला चौकशा करायची खोड आहे. लहानपणी तिच्यापायी मी मारही खाल्लेला आहे, पण खोड काही गेली नाही. नवऱ्याच्या विमा कंपनीने आमची बदली जयपूरला केली, तेव्हा विद्याधर नगरातल्या भाड्याच्या घरात खोकी सोडून व्हायच्या आत मला गल्लीतल्या निम्म्या बायकांची माहेरं पाठ झाली होती. नवरा म्हणायचा, "तुला सरकारने जनगणनेवर घ्यायला हवं होतं."

दोन हजारनंतरची ती वर्षं. टीव्हीवर सारखा एकच विषय चालायचा. बातमीदार छुपा कॅमेरा घेऊन दवाखान्यात शिरायचे, मुलगी असेल तर पाडून देतो म्हणणारे डॉक्टर दाखवायचे, आणि मग स्टुडिओत चार पुरुष आणि एखादी बाई तावातावाने भांडायची. गर्भपाताचा कायदाच आवळा. नवऱ्याची सही असल्याशिवाय हात लावू नका. प्रत्येक गरोदर बाईची सरकारदरबारी नोंद करा. एका संध्याकाळी आमच्या चौथीतल्या लेकीने जेवता जेवता विचारलं, "आई, अबॉर्शन मतलब?" नवऱ्याने ताटात मान घातली ती जेवण संपेपर्यंत वर काढली नाही. उत्तर मलाच द्यावं लागलं.

जयपुरात आमचं मराठी बायकांचं एक छोटंसं मंडळ होतं. बँकेतल्या, विम्यातल्या, रेल्वेतल्या, सगळ्या बदलीवाल्यांच्या बायका. संक्रांतीचं हळदीकुंकू सी-स्कीम भागात बँकेच्या क्वार्टरात राहणाऱ्या एका वहिनींकडे असायचं. त्या वर्षी नुसती वाणं लुटून घरी जायचं नाही, वादविवाद करायचा असं ठरलं. विषय होता, गर्भपातावर आणखी निर्बंध हवेत की नकोत. बाजू चिठ्ठीने ठरणार होती. मला चिठ्ठी आली 'हवेत'ची.

मी कामाला लागले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या वकिलांकडून कायद्याची प्रत मागवली आणि पेन्सिल घेऊन वाचून काढली. वाचून चाटच पडले. पहिल्या बारा आठवड्यांत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याच्या सहीचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता. टीव्हीवर भांडणाऱ्यांपैकी कोणी हे वाचलंय की नाही, अशी मला शंका आली.

मग बायकांना विचारायला सुरुवात केली. फोनवर, भाजीच्या गाडीपाशी, मंडळाच्या भिशीला. म्हणायचं, "नाव नको, नुसतं कारण सांगा." आणि बायका सांगत गेल्या! माझा विश्वास बसेना. एकीचं पहिलं मूल आठ महिन्यांचं होतं आणि बदलीची ऑर्डर हातात आली होती. रेल्वे कॉलनीतली एक ताई म्हणाली, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, पोट घेऊन कोणी परीक्षेला बसू दिलं नसतं. एका काकूंनी बेचाळिसाव्या वर्षी, लेक बाळंतपणाला येणार म्हणून गुपचूप उरकून टाकलं होतं. एकजण नुसतं म्हणाली, "नको होतं," आणि पुढे विचारायची माझीसुद्धा छाती झाली नाही. गंमत म्हणजे यातल्या जवळपास सगळ्या जणी सुरुवात एकाच वाक्याने करायच्या. कायदा कडकच हवा गं, पण माझं वेगळं होतं. हे वाक्य मी वहीत इतक्या वेळा लिहिलं की शेवटी नुसत्या खुणा करायला लागले.

यातून मी माझा मुद्दा काढला. प्रत्येकीचं वेगळं असतं ना, मग प्रत्येकीचं खरं कारण सविस्तर लिहून घ्या. डॉक्टरांनी ते वाचावं, खरं असेल तर परवानगी द्यावी, खोटं असेल तर घरी पाठवावं. मुलगी नको म्हणून येणाऱ्या आपोआप उघड्या पडतील. गच्चीवर फेऱ्या घालत मी हे भाषण कायद्याच्या कलमांसकट मोठ्याने घोकलं. हळदीकुंकवाला टाळ्या पडल्या आणि दुसरा नंबर मिळाला. मी खूश होते. माझ्या मते मी प्रश्न सोडवून टाकला होता.

खाली घरमालक राहत. घरमालकीणबाई, त्यांना सगळे मांजी म्हणत, मूळच्या जयपूरजवळच्या चौमूं गावाकडच्या. हाडाच्या प्रेमळ. थंडीत आमच्यासाठी बाजरीची भाकरी आणि वर तुपाचा गोळा पाठवल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. सून पंचविशीची, दोन मुलींची आई, तोंडातून शब्द न काढणारी. मी गच्चीत भाषण घोकायचे तेव्हा ती कोपऱ्यात मंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, वाळत घालत असायची. तिला मराठी कळत नाही, असं मी धरून चालले होते.

हळदीकुंकू झाल्यावर चार दिवसांनी ती वर आली. दार लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाली, "भाभीजी, आप जो छत पर बोलती थीं... औरत के अपने दस्तखत से हो जाता है, ये सच है?"

तिला आठवा आठवडा होता. घरात कोणाला माहीत नव्हतं. मी अर्थातच विचारलं, का? तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिला चौथ्या महिन्यात एका ठिकाणी नेऊन तपासणी केली होती. मुलगी निघाली. तिथेच काढून टाकली. तिला कोणी विचारलं नव्हतं. आता मांजींना कळलं की पुन्हा तेच होणार. "फिर चौथे महीने तक रखूँ, फिर वो देखें, फिर निकालें... मुझसे दोबारा नहीं होगा. अभी करवाना है. मेरी मरज़ी से." मांजी दर मंगळवारी चौमूंला लेकीकडे जायच्या. येता मंगळवार तिने ठरवला होता. तिला लिहिता यायचं, पण कागदांची भीती वाटायची, म्हणून तिला मी सोबत हवी होते.

मांजींच्या तुपाचा गोळा डोळ्यांसमोर आला. पण मी येते म्हणाले.

मंगळवारी मांजी नातींनाही बरोबर घेऊन गेल्या आणि आम्ही ऑटोने घरापासून लांबच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी तिला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि दुपारीच करून टाकू असं सांगितलं. नर्सने एक छापील कागद आणून दिला. तिने माझ्याकडे सरकवला आणि मी पेन काढलं.

आता आमच्या घराची एक शिस्त आहे. विम्याच्या माणसाचं घर. फॉर्मातला एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही आणि खोटं लिहायचं नाही, नाहीतर पुढे क्लेम अडकतो, हे मी पंधरा वर्षं रात्रंदिवस ऐकलेलं. वय लिहिलं. मुलं किती? मुली दोन, मुलगे शून्य. मग कारणाचा रकाना आला. नर्स जाता जाता म्हणालीसुद्धा, "गर्भनिरोधक फेल हो गया लिख दो, सब यही लिखते हैं." पण मला ते पटेना. इतकं खरं, इतकं वजनदार कारण हिच्याकडे असताना खोटं का लिहायचं? हे वाचून कोणती बाई नाही म्हणेल? मी माझ्या स्वच्छ हिंदीत सगळं लिहून काढलं. चौथा महिना, तपासणी, मुलगी, सासू, पुन्हा तेच होण्याची भीती. जागा पुरली नाही तेव्हा समासात लिहिलं. तिने खाली सही केली. मी काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ये आपने क्या लिख दिया? दो बेटियाँ, और जाँच की बात मेरे कागज़ पर? कल कोई देखने आया तो मैं किस-किस को समझाऊँगी?" मी सांगू लागले की ही आठच आठवड्यांची आहे, आत्ता मुलगा की मुलगी कळणंच शक्य नाही, कायद्याने हिची सही पुरे आहे. मला कलमंसुद्धा पाठ होती. त्यांनी शांतपणे कागदाचे चार तुकडे केले. "पति को लेकर आइए," एवढंच म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. पण त्याने काय फरक पडणार होता?

परत येताना ऑटोत मी चार वेळा माफी मागितली. घराच्या कोपऱ्यावर उतरताना तिने विचारलं, "आपने सब क्यों लिखा?" आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला कारण विचारत होतं आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. खालून तिच्या उलटीचा आवाज आला की मी नळ सोडून ठेवायचे, जणू तेवढ्याने मांजींना ऐकू जाणार नव्हतं. एकदा मांजींनी मला जिन्यात गाठून हसत विचारलं, "बहू का जी आजकल कुछ ठीक नहीं, आपको कुछ बताया क्या?" मी नाही म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. दोन दिवसांनी मी तिला दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता काढून दिला आणि म्हटलं, या वेळी मी काहीच लिहिणार नाही, नुसती बसेन. ती म्हणाली, "नहीं भाभीजी. आप इस बार बच्चियों को रख लेना, और कोई है नहीं."

पुढच्या मंगळवारी मांजी सकाळच्या बसने गेल्या. दहाला ती दोन्ही मुलींना वर सोडून निघाली. मोठीला मी चित्रं काढायला बसवलं, धाकटीला दूधभात भरवला. बारा वाजले, दोन वाजले. तिला काही झालं तर मी कोणाला आणि काय सांगणार आहे, हा विचार मनातून हलेना. साडेतीनला ऑटो थांबल्याचा आवाज आला. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आली. ओठ पांढरे पडले होते, पण चेहरा शांत होता. मी तिला खुर्चीत बसवलं, गरम दूध दिलं. धाकटी पळत येऊन तिच्या पायाला बिलगली. तिने मान हलवून सांगितलं, झालं.

मला हायसं वाटलं, डोळे भरून आले. आणि तरी, तेवढ्यात, माझ्या तोंडून गेलंच, "तिथे कारण काय लिहिलंत?"

तिने दुधाचा पेला खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दमलेल्या माणसासारखं. "पूछा तो सबने, भाभीजी," ती म्हणाली, "चार घंटे हाथ पकड़ के बैठने को मेरे पास कोई नहीं था."