उलट्या हवेचा मिस्त्री

भिंतीसमोर उभा राहिला की मिस्त्री आधी करणीच्या मुठीनं तिला तीन ठोके द्यायचा, कान लावायचा आणि मग घरमालकाकडे अशा नजरेनं पाहायचा, की आपण जन्मभर ढिगाऱ्याखाली झोपत आलो असं त्या बिचाऱ्याला वाटावं.

"कोनं बांधलं हे?"

उत्तर कुणाचंही असो, पुढचं वाक्य ठरलेलं. "गाढव हाये थो."

आमच्या न्हाणीघराच्या भिंतीलाही त्यानं असेच ठोके दिले होते. मी म्हणालो, "मिस्त्री, ही तुम्हीच बांधली. सात वर्षांपूर्वी." दुसरा कुणी ओशाळला असता. तो भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "तरीच म्हनलं, अजून उभी कशी हाये!"

चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. जंगल मागच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत आलेलं आणि वानरं थेट कौलांपर्यंत. एका हिवाळ्यात त्यांनी उड्या मारून मारून आमचं धुराडं पाडलं. घरात गॅस होता, पण आईची भाकर आणि सगळ्यांचं आंघोळीचं पाणी चुलीवरच. धूर खोलीत कोंडू लागला. आईला दमा. खोकताना तिला दाराची चौकट धरावी लागे. डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितलं. आईनं डॉक्टरांकडे जाणं बंद केलं. शेवटी मी मिस्त्री ठरवायला निघालो.

तो सकाळी एसटी थांब्याजवळच्या टपरीवर सापडायचा. तुम्ही कधी मिस्त्री ठरवायला गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, ठरवले जातो ते आपणच.

"घरी कुत्रा हाये का, गुरुजी?"

"नाही."

"चा साखरेचा का गुळाचा?"

"साखरेचा."

"मधात बोलनारं कोनी?"

"आई आहे."

"मंग पाहू," तो म्हणाला आणि चौथ्या दिवशी उगवला.

दोन माणसांच्या उंचीचं साधं नळकांडं त्याला कमीपणाचं वाटलं. त्यानं चौकोनी मनोरा उभा केला, चार बाजूंना चार कमानी काढल्या आणि वर सिमेंटचा कळस घडवायला बसला. कळसातच दोन दिवस गेले. "वानराची हिंमत नाई होनार, गुरुजी. दोन कोसावरून दिसलं पायजे!" दिसत होतंच. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. एका म्हाताऱ्यानं तर चप्पल काढून नमस्कार केला. मिस्त्रीनं तो गंभीरपणे स्वीकारला.

मग आईनं चूल पेटवली. कमानींतून धुराची एक रेघ निघेना. सगळा धूर खाली आला, खोली भरून ओसरीवर आला. त्यामागून आई आली, वाकलेली, खोकत.

मिस्त्रीनं आभाळाकडे पाहिलं. "हवा उलटी हाये आज."

दुसऱ्या दिवशीही हवा उलटीच होती. तिसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, "मिस्त्री, हवा सुलटी कधी होते थे सांगून जा. मी तवाच सैपाक करतो."

मी हसलो. तो नाही हसला. "माय, तुमाले चूल पेटवता येत नाई. वल्ली लाकडं घालता तुमी."

आईनं फुंकणी आणून त्याच्या हातात दिली. "आज चा तुमी करा. वाळली लाकडं घ्या. मी भाएर बसतो."

नाही म्हणायची सोय नव्हती. शेजारपाजारचे जमले होते. तो मिशी पुसत आत गेला. आईनं बाहेरून दार लोटून घेतलं.

आम्ही मजा पाहत होतो. आतून फुंकणीचा आवाज आला, मग खोकला, मग भांडं पडल्याचा आवाज. मग नुसताच खोकला. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि नाकातून पाणी वाहत होतं. तसाच शिडीवर चढला आणि हातोड्यानं स्वतःचा कळस फोडला. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

कळसाचा भार पेलावा म्हणून त्यानं नळकांड्याचा गळा पार आवळून टाकला होता. तो मोकळा करायला संध्याकाळ झाली. चूल पुन्हा पेटली आणि धूर सरळ वर गेला.

आईनं त्याला तिथंच, चुलीजवळ जेवायला वाढलं. अर्धी भाकर झाल्यावर तो म्हणाला, "माय, तीस वर्सं झाली, धुराडे बांधून राह्यलो. पेटल्या चुलीसमोर कदी बसलो नवतो."

"मंग घरी कसं?"

"घरी धुराडं कुठी हाये? खिडकी हाये एक." भाकर मोडत म्हणाला, "बायको खोकलते. मले वाटे, सवय हाये तिले."

मी हसायला तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं. पंचावन्न वर्षांचा होतो मी. आईच्या चुलीसमोर बसून मी फक्त जेवलो होतो, आणि तेही धूर निवळल्यावर.

नंतर त्याची नवीच तऱ्हा सुरू झाली. कुठंही धुराड्याच्या कामाला गेला की आधी बाईला चूल पेटवायला सांगायचा, दार लावायचा आणि स्वतः आत बसायचा. टपरीवर त्याची टिंगल व्हायची. "मिस्त्री, भाकर शिकून राह्यला का?" तो उलट शिव्या द्यायचा. स्वभाव बदलला नव्हता. पुढच्या घरीही आधीचा मिस्त्री गाढवच असायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. चंद्रपूरला नेईपर्यंत संपला.

मी त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा कौलांवर एक आखूड, ओबडधोबड धुराडं दिसलं. ना कमान, ना कळस. त्याची बायको चुलीपाशी होती. खोलीत धूर नव्हता. खोकला थोडा होता अजून.

"मी सैपाक करो तवा थे इथीच बसे," चहा ओतत ती म्हणाली. "काम नाई, धंदा नाई. नुसतेच बसे. मले त हासूच ये, गुरुजी."

आणि ती खरंच हसली. तिच्या शेजारी त्याचा पाट अजून मांडलेला होता. बसा म्हणून तिनं तो पुढे सरकवला. मी चहा उभ्यानंच घेतला.